पोस्टरवरच्या बांगड्या

दिवाळीत करंज्या करायला बसण्याआधी आत्या हातातल्या बांगड्या काढून वाटीत ठेवते, मग केसांतले आकडे. ही सवय लढाईच्या काळातली. तेव्हा ती दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं भरायची. ठिणगी उडू नये म्हणून बायकांना हे सगळं फाटकावरच उतरवून ठेवावं लागे.

"आणि फाटकाबाहेर सरकारी पोस्टर," आत्या हसत सांगते. "'भगिनींनो, देशाला तुमचे हात हवेत.' चित्रातली बाई तोफगोळा धरून उभी, आणि हात बांगड्यांनी भरलेले. चित्र काढणारा कधी आत आलाच नसणार."

लढाई संपली, बायकांना घरी पाठवलं. त्याच भिंतीवर नवं पोस्टर लागलं, 'सुखी घर हीच देशसेवा.' बाई तीच, आता मांडीवर मूल. बांगड्याही त्याच. मला त्या बाईबद्दल माया वाटते. दोन्ही वेळा बिचारीला सारखंच हसायला लावलं होतं.

आत्या सारण मापात भरते, कड दाबते. तिची करंजी तेलात कधी फुटत नाही.

"घरात कोण सांगतं गं तुला बांगड्या काढायला?" मी विचारलं.

"कुणी नाही. शेवटच्या दिवशी फाटकावर घातल्या, त्यानंतर काढायला कुणी बोलावलंच नाही. म्हणून वर्षातनं एकदा मीच काढते."