गोळीचा तांब्या

मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. अवघड गोष्ट सोपी करून सांगते अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती एकदा मला चांगलीच नडली.

माझे वडील, अण्णा, उदगीरला नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास लागलेले. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन हिंडायचं आणि एकेका गल्लीला ठरलेलं पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी तर गल्लीतल्या बायका त्यांना शिव्याही द्यायच्या आणि चहाही पाजायच्या. त्याच वर्षी त्यांच्या डाव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, वजन उतरलं. लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर. मी टेबलाची कड धरून बसले. अण्णाच शांतपणे म्हणाले, "मग आता काय करायचं साहेब?"

करायचं एवढंच होतं: रोज जेवणानंतर एक गोळी, मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर. अण्णांचा विश्वासच बसेना. एवढा मोठा आजार, आणि सलाईन नाही, केस जाणं नाही? एसटीनं परतताना मी त्यांना समजावायला घेतलं. पेशीला वाढायचा निरोप बाहेरून येतो. एक प्रथिन दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला, आणि एका पेशीच्या दोन होतात. काम झालं की निरोप थांबतो. तुमच्या पेशींत मधलंच एक प्रथिन बिघडलंय. कुणी सांगितलेलं नसताना ते 'वाढा, वाढा' करत सुटलंय. जुनी औषधं सगळ्याच वाढत्या पेशींना झोडपून काढतात. ही गोळी नेमकी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचं तोंड बंद करते.

अण्णांच्या डोक्यात काही शिरेना. तेव्हा मला ती झकास कल्पना सुचली.

"अण्णा, असं समजा, एक व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. गोळी म्हणजे तुमची चावी."

"हां, आस्सं बोल की!" अण्णा खुलले. शेजारच्या प्रवाशालाही त्यांनी लगेच समजावून सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत स्वतःवरच खूश झाले होते.

घरी मायनं गोळीसाठी एक तांब्या वेगळा काढला. पोचा आलेला, पितळी. सकाळी भरून, वर वाटी झाकून फळीवर ठेवायची. घरातलं पाणी तळाला गेलं तरी त्या तांब्याला कुणी हात लावायचा नाही. काही महिन्यांत पेशी आटोक्यात आल्या. चौकातल्या हॉटेलात तेव्हा उदगीर जिल्हा होणार हा एकच विषय असायचा. अण्णांनी तिथं रिपोर्ट सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "व्हऊ द्या जिल्हा. मंग रगत तपासायला लातूरला जायचंबी काम न्हाई."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेले. चपला काढते तोच मायनं पाणी पुढं केलं. दोन घोट प्याले आणि हाताला पोचा लागला.

"माय, हा गोळीचा तांब्या हाय नं?"

"आता कुठली गोळी? बंद केली त्येंनी. म्हैना हून गेला."

मी तांब्या खाली ठेवला. अण्णा ओट्यावर बसून चावीला तेल लावत होते. मी विचारलं तर मलाच समजावायला लागले.

"अगं, व्हॉल्व्ह बंद झाला न्हवं? रिपोर्टातच हाय. बंद झाल्याला व्हॉल्व्ह रोज आवळीत बसलं तर आटे जातेत. तूच तर सांगितलं व्हतं. आन् पानीबी वाचून राहिलंय."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण त्या दिवशीचा राग नव्हता, ती भीती होती. 'तूच सांगितलं' हे खरंच होतं.

दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं. पेशी पुन्हा वाढल्या होत्या. डॉक्टर रागावले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. गोळी आजच सुरू करा, म्हणाले. शिवाय रक्ताचा नमुना मुंबईला पाठवू. कधीकधी त्या प्रथिनाची खाच बदलते, मग ही गोळी तिच्यात बसत नाही. रिपोर्टला तीन आठवडे लागणार होते.

ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. भाकरी थापताना, केर काढताना डोळ्यांसमोर ती खाच यायची. पेशींचा धडा मी शेकडो वेळा शिकवलेला. खाच बदलली असेल तर पुढं काय होतं, हे मला पाठ होतं. न शिकलेली असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा मनापासून वाटलं.

एका सकाळी मी अण्णांबरोबर कामावर गेले. व्हॉल्व्ह बंद करून ते त्याच्या लोखंडी झाकणावरच बसले.

"इथं का बसता अण्णा?"

"पाठ फिरवली की लोक पाना लावून सोडून घेतेत. दुसरा मानूस येस्तोवर हलायचं न्हाई."

"गोळीपण अशीच बसते. चावी लावून मोकळी होत नाही. एक दिवस बसते, मग उठून जाते. म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरी बसवावी लागते."

अण्णांच्या चेहऱ्यावर भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग हळूच म्हणाले, "मंग हे तवाच का न्हाई सांगितलंस, पोरी?"

मी त्यांच्या शेजारी झाकणावर बसले.

रिपोर्ट आला. खाच बदललेली नव्हती. मी रिपोर्ट हातात धरून दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. गोळीनं पुन्हा काम धरलं. तांब्या परत फळीवर गेला.

आता रोज सकाळी नऊ वाजता मी उदगीरला फोन लावते. अण्णा फोन तोंडाजवळ धरूनच पाणी पितात. घटाघट आवाज येतो, मग तांब्या ठेवल्याचा. "बसली गं झाकणावर," ते म्हणतात.

मी फोन ठेवते. तेवढं मला एक दिवस पुरतं.