पणजोबाची साक्ष

विमानात बसून, समुद्र ओलांडून कुणी चुना मारायला येतं का? त्या डिसेंबरात आमच्या गल्लीत दुसरी चर्चाच नव्हती. अंबडच्या रस्त्याला लागून आमचं गाव, गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची बारा घरं आणि पत्र्याचं चर्च. पाळकसाहेबांनी रविवारी जाहीर केलं की परदेशातल्या एका चर्चचा तरुण संघ सेवेसाठी येतोय, आठ दिवस राहणार, चर्चला चुना मारणार, कंपाउंडची भिंत बांधणार.

"आपला गवंडी मेला का?" माझी माय भर चर्चमध्ये बोलली. पाळकसाहेब नुसते खोकले.

चौदा पोरंपोरी आली. दोन दिवसांत उन्हानं लालबुंद झाली, पण घमेली उचलायची काही सोडेनात. उलट काम करताना गाणी म्हणायची. त्यामुळं संशय आणखीच वाढला. पोलीस पाटील दोनदा चक्कर मारून गेला. वरच्या आळीत आवई उठली की हे लोक किडन्या काढून नेतात. माय शेजारणीला म्हणाली, "पाठ भिंतीला लावून निजत जा बाई, उगं घोर नको."

मी तेव्हा जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, इंग्रजी घेतलेलं, म्हणून दुभाषी मी. किडन्यांवर माझा बिलकुल विश्वास नव्हता. मला संशय होता त्यांच्या कॅमेऱ्याचा. आमच्या घरी आले तेव्हा दारात बांधलेल्या शेळीचा फोटो घेतला, गळक्या पत्र्याचा घेतला, मायच्या भेगाळलेल्या टाचांचा घेतला. आम्ही मुद्दाम घासूनपुसून ठेवलेल्या नव्या स्टीलच्या रॅककडं मात्र एकानंही कॅमेरा वळवला नाही. तिथंच माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे आपलं दैन्य गोळा करायला आलेत, तिकडं जाऊन दाखवणार.

सहाव्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, पाहुण्यांना साक्ष ऐकायचीय. साक्ष म्हणजे आपण येशूकडं कसे आलो ते चारचौघांत सांगायचं. मायचं घराणं सगळ्यांत जुनं ख्रिस्ती, म्हणून तिनं सांगावं. मला वाटलं ती साफ नाही म्हणेल. पण दुपारी ती धुवट लुगडं नेसून आली, चटईवर बसली, पदर सारखा केला. तिच्या बाजूला मी, आणि समोर चेहराभर ठिपके असलेली एक पोरगी टेपरेकॉर्डर धरून.

"माझा आजा मोठ्या दुष्काळात गाव सोडून निघाला," माय म्हणाली. "तीन लेकरं संगं होती. दोन वाटंतच गेली. तिसरं म्हंजी माझा बाप. त्याला खांद्यावर घेऊन जालन्याला पोचला. मिशनवाल्यांनी जवारी दिली. तिथंच राह्यला, बाप्तिस्मा घेतला. पोटासाठीच घेतला, खोटं कशाला बोलू? पर मरंस्तोवर जेवायच्या आधी भाकरीचे दोन तुकडे बाजूला काढायचा. त्या दोघांचे. मी बी काढते."

ते तुकडे मी जन्मापासून बघत होते. घरची रीत आहे, एवढंच माहीत होतं. कुणाचे, ते मला त्या दिवशी, त्या परक्या पोरांसोबतच कळलं. आणि लगेच भीती वाटली. शाळेत पोरं मला 'जवारीवर बाटलेली' म्हणून चिडवायची. आता हेच टेपवर जाणार आणि गळक्या पत्र्याच्या फोटोखाली छापून येणार.

मग मी माझं सुरू केलं. माय एक वाक्य बोलायची, मी इंग्रजीत दुसरंच सांगायची. पणजोबाला स्वप्न पडलं. स्वप्नात पांढऱ्या कपड्यातला माणूस आला, त्यानं हाक मारली. पणजोबा आनंदानं जालन्याला चालत गेला. शेवटी ती ठिपक्यांची पोरगी रडली आणि मायच्या गळ्यात पडली. माय ताठ बसून राहिली.

घरी येताना म्हणाली, "तू बराबर सांगितलंस ना?"

"हो की."

"मंग दोन लेकरं गेली म्हणाले तवा ती पोरगी हसली कशी?"

"त्यांच्यात तसंच असतं," मी म्हणाले. तेव्हापासून माझ्याकडं बघायची तिची नजर बदलली. इतके दिवस गोऱ्यांवर होता तो संशय आता घरातच आला, आणि तो खोटा नव्हता.

पाहुणे गेले. भिंत जरा वाकडी झाली होती, पण उभी होती. उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी एक पाकीट आणून दिलं. आत त्यांच्या चर्चचं छापील पत्रक होतं. शेळी नाही, पत्रा नाही, टाचाही नाहीत. पानभर मायचा चेहरा, धुवट लुगड्यातला, इतका देखणा की मीच बघत राहिले. खाली साक्ष.

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. "वाच," म्हणाली. "जसंच्या तसं वाच."

पुन्हा खोटं बोलता आलं असतं. तिला कुठं इंग्रजी येत होतं? पण ती माझ्या तोंडाकडं असं बघत होती की माझी हिंमत झाली नाही. मी वाचलं. स्वप्न, पांढरा माणूस, हाक, आनंद. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

"आन् ती दोन लेकरं?"

"न्हाई सांगितली," मी म्हणाले. "लाज वाटली, माय."

तिनं फोटोकडं एकदा बघितलं आणि पत्रक माझ्या हातात परत दिलं. जेवायला बसलो तेव्हा तिनं तुकडे काढले नाहीत. भाकरी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "आजपासून तू काढ."