काळ्या तळ्यावरचा नर

थोरा मॅकआर्डल आठ-नऊ वर्षांची असताना एकदा सरपणाच्या ढिगामागं लपून बसली होती, आणि आत स्वयंपाकघरात तिचा बाप आणि बार्नीकाका भांडत होते. भांडण गोळीवरून. काकानं नवी बंदूक आणली होती. तिची गोळी हलकी आणि वेगवान, या डोंगरावरून त्या डोंगरावर सरळ जाते म्हणे. बापाचं म्हणणं, जात असेल बाबा, पण आपल्या रानात तिला आधी नेचे भेटतात, मग वेली भेटतात, आणि हलकी गोळी फांदीला लागली की वाट सोडते. आपल्याला जड, बोथट नाकाचीच बरी. त्या दिवशी दोघांनी एकाच हरणावर बार काढला होता आणि हरण कुणाचं ते ठरेना. शेवटी बापानं सुरी घेतली, हरणाच्या खांद्यातून अळंबीसारखी फुललेली शिशाची गाठ उकरून काढली आणि टेबलावर ठेवली. गाठ बापाच्याच गोळीची निघाली. काका अर्धा चहा टाकून गेला तो त्या घरी पुन्हा आला नाही. आई भांडी विसळता विसळता एवढंच म्हणाली, “एक हरण मिळालं, एक दीर गेला. शिकार छान झाली.”

आई लवकर गेली. मागं थोराचा तान्हा भाऊ क्लेम राहिला. थोरानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडली नाही. पडायला सवड कुठं होती? बाप गेल्यावर त्याची बंदूक तिच्याकडं आली, आणि शेडमधलं काडतुसं भरायचं यंत्रही आलं. हळूहळू आमच्या रस्त्यावरचे सगळेच तिच्याकडून काडतुसं भरून घ्यायला लागले. एप्रिलमध्ये हरणांचे नर माजावर येतात, डोंगरभर डरकतात. त्याआधी मार्चअखेरीस ती बिस्किटांच्या डब्यांत ज्याची त्याची काडतुसं घालून दारोदार पोचवायची.

कुणी बंदुकीवर बसवायला नवी दुर्बीण घ्यायची म्हणून विचारायला आलं की ती आधी त्यालाच विचारायची, की तू रानात जाणार की वर उघड्या माळावर? आणि मारून खाणार काय, शिंगं की मांस? रानात जाणाऱ्याला ती लहान दुर्बीण सांगे. मोठीत हरणाचं नुसतं कातडंच दिसतं, आणि ते पुढचं की मागचं हे कळेपर्यंत हरण पसार होतं. “दुर्बीण मोठी घेतली म्हणून डोळा मोठा होत नाही,” ती म्हणायची. मांस खाणाऱ्याला वेगवान गोळी देत नसे, कारण ती अर्ध्या खांद्याचा लगदा करते. तिच्या स्वतःच्या बंदुकीवर बापाच्या वेळची लहानशी दुर्बीण होती. पाऊस आला की तिच्या काचेवर वाफ धरायची, आणि आमच्याकडं पाऊस कधी येत नाही?

साठी उलटली तेव्हा तिचा खुबा धरला. वर चढताना दर थोड्या वेळानं तिला झाडाला टेकावं लागे. पण खोऱ्याच्या माथ्यावर काळं तळं आहे, तिथं एक नर तिनं हेरून ठेवला होता. त्याच्या डाव्या शिंगाचं एक टोक खाली वाकलेलं होतं. तीन हंगाम तिनं त्याला सोडला, अजून भरू दे म्हणून. आता पुढच्या हंगामी आपल्याला वर चढता येईल याची खात्री नव्हती. म्हणून या वर्षीच जायचं ठरलं. तो नर तिनं एका माणसालाच सांगितला होता, क्लेमला. क्लेम बंदूक आणि ओझं वाहणार, आणि बार ती काढणार.

मार्चमध्ये क्लेम एक नवीकोरी, जाडजूड दुर्बीण घेऊन आला. म्हणाला, “अगं थोरा, तुला आता जवळ जाववत नाही ना, मग तळ्याच्या अलीकडूनच मार.” स्वतःच तिच्या बंदुकीवर बसवून दिली. थोरानं तोंडानं तिला शिव्या घातल्या, की ही दुर्बीण आहे की दुधाची बाटली. पण दुसऱ्याच दिवशी दगडाच्या खाणीत जाऊन नेम जुळवून आली. घरी येऊन फडक्यानं काच पुसली, परत पुसली. भावाला आपली आठवण आहे, या विचारानं ती आठवडाभर हसतमुख होती. त्यानं मागितली म्हणून त्याच्या बंदुकीसाठीही तिनं बापाच्या पसंतीच्या त्या जड, बोथट गोळ्यांची काडतुसं भरून दिली. “तुझ्या शेजारी उभा राहीन, चुकलीस तर असाव्यात,” तो म्हणाला होता.

निघायच्या दिवशी क्लेम सांगत आला, नदी चढली आहे, आठवडाभर थांबू. थोरानं आपल्या काडतुसांचा गंजका डबा परत फळीवर ठेवला आणि थांबली.

त्या आठवड्यात ख्राइस्टचर्च शहरातला एक दातांचा डॉक्टर तिच्या दारात आला. चांगला माणूस होता. बूट दाराबाहेर काढून आत आला आणि पिशवीतून हरणाचा अख्खा खांदा काढून तिच्या ओट्यावर ठेवला. क्लेमचा पाहुणा होता तो. पहिल्या हरणाचा खांदा तुमचा असतो असं क्लेमनं सांगितलं म्हणाला, आणि हात जोडावेत तशा आवाजात पुढं म्हणाला, “तुम्ही परवानगी दिलीत, त्याचे आभार मानायला आलो, मिस मॅकआर्डल. असा नर मला जन्मात दिसला नसता. डावं शिंग बघायला हवं होतं तुम्ही.”

थोरानं किटली चढवली. साखर किती घालू, विचारलं. तो किती वेळ नेम धरून बसला, एकाच गोळीत नर कसा कोसळला, त्याची नवी तांब्याची टोकदार गोळी आणि क्लेमनं आणली तशीच जाडजूड दुर्बीण काय भारी, सगळं तो सांगत राहिला आणि तिनं ऐकून घेतलं. तिचं तोंड चुलीकडं आणि पाठ त्याच्याकडं होती ते बरंच झालं.

तो गेल्यावर ती मांस कापायला बसली. माजावरच्या म्हाताऱ्या नराचं मांस, वास मारणारं, पण सॉसेज झाले असते. ती नेहमी बोटांनी चाचपत कापायची, शिसं दाताखाली येऊ नये म्हणून. हाडाजवळ बोटाला गाठ लागली. धुऊन बघितली. तांब्याची नव्हती. जड, बोथट नाकाची, तिची स्वतःची भरलेली. गोळी तिनं टेबलावर ठेवली. हात मांसानं माखलेले तसेच.

दुपारी क्लेम आला, मस्त शीळ घालत. ती म्हणाली, “तुझा डॉक्टर येऊन गेला. आभार मानून गेला.” क्लेमची शीळ थांबली.

“त्याच्या किती गोळ्या लागल्या?”

“एकच. एका गोळीत...”

“आणि तुझी?”

क्लेमनं खुर्ची ओढली, पण बसला नाही. म्हणाला, “त्याची वरून गेली. त्यानं चाप ओढायच्या आतच नर उठून निघाला होता, थोरा. मी त्याच्या बाराबरोबरच काढला, त्याला कळलंही नाही. काय करणार? जाऊ द्यायचा होता?”

“हो. जाऊ द्यायचा होतास.”

तो बोलायला लागला मग. हा माणूस पैसे मोजणाऱ्या आणखी चारजणांना आणणार आहे, आपल्याला बरे दिवस येतील, नर काय, दुसरा सापडेल. थोरानं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, “नदी चढली होती का रे?”

क्लेमनं ओढलेली खुर्ची परत आत सरकवली.

“माझा खुबा तुला ठाऊक होता. पुढच्या वर्षी मला वर चढता येणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून थांबवलंस. आणि ही दुर्बीण त्यानंच दिली ना तुला?”

“दिली त्यानं. पण मी तुला मनापासून आणली.”

“मनापासून आणलीस. आणि माझं तळं कशापासून दिलंस?”

तिनं बंदूक टेबलावर आडवी घेतली, स्क्रू एकेक करून सोडवले आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. ज्याच्या तोंडात आपण पहिला घास घातला, त्याच्याच हातानं.

गावातल्या पबच्या भिंतीवर डॉक्टरचा फोटो लागला, वाकड्या शिंगासकट. लोक थोराला दाखवायचे. ती म्हणायची, छान जनावर होतं. त्या डॉक्टरला तिनं कधी काही कळू दिलं नाही. तो बिचारा नाताळला दर वर्षी कार्ड पाठवायचा. वर ती पुन्हा गेली नाही. खुब्यानं जाऊच दिलं नाही.

क्लेमची काडतुसं मात्र ती भरतच राहिली. खरं काय ते कळलेल्या शेजारणींना नवल वाटे. शेजारची एडना एकदा तोंडावर म्हणाली, मी असते तर वाळू भरून दिली असती. थोरा म्हणाली, “काडतूस वाईट निघालं तर जखमी होऊन तडफडेल ते हरण. क्लेम घरी येऊन जेवेल. हरणानं माझं काय वाकडं केलंय?” पण त्याला तिनं नंतर एकही गोष्ट सांगितली नाही. मासे कुठं आलेत, कुठल्या घळीत डुकरं फिरताहेत, खुब्याचं कसं आहे, काहीच नाही. हवापाण्याचं बोलायची, तेही त्यानं विचारलं तर.

तिचा शेवटचा मार्च आला तेव्हा ती काठीवर आली होती. पंधरवड्यानं गेलीच. तरी त्या मार्चलाही डबे भरले, व्हॅनमध्ये ठेवले, आणि नेहमीसारखी रस्त्याच्या या टोकापासून सुरुवात केली. एडनाकडं केक खाल्ला. पुलापलीकडच्या तरुण जोडप्याची नवी दुर्बीण बघून दिली, रानासाठी फार मोठी आहे म्हणून ओरडलीही. सगळ्यांकडं थोडी थोडी बसली. शेवटी क्लेमच्या फाटकाशी व्हॅन थांबवली, उतरली, आणि त्याचा डबा फाटकाच्या खांबावर ठेवला.

क्लेम दारात आला होता. त्याचेही केस पांढरे झालेले. हाक मारून म्हणाला, “चहा ठेवलाय, थोरा. ये ना आत.”

“नको रे,” ती म्हणाली. “पुढची घरं राहिलीत.”

क्लेमच्या घरापुढं घर नाही. रस्ता तिथं नदीपाशी संपतो. थोरा व्हॅनमध्ये बसली, काठी आत ओढून घेतली, नदीपर्यंत गेली, व्हॅन वळवली, आणि त्याच्या दारावरून हात हलवत परत गेली.