शिंजिराचा फोटो आणि आईंच्या कुरडया

मला फोटो काढता येत नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत आहे.

झालं असं, की माझी धाकटी नणंद शुभा अमेरिकेत असते. तिच्या अंगणात हमिंगबर्डनं घरटं केलं आणि पिल्लांना भरवतानाचा फोटो तिनं फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळं सासर त्या फोटोवर तुटून पडलं! वर शुभाची पुस्ती होतीच, "वहिनी, नाशकात असलं काही दिसत नसेल ना गं?"

माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे लिहिलं, "आमच्या गच्चीवर शिंजिराचं घरटं आहे. पिल्लं उडायच्या आत फोटो टाकते!"

घरटं खरंच होतं. गंगापूर रोडवरच्या आमच्या घराच्या गच्चीत, कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला लोंबत होतं. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, बाकदार चोचीचा. नर उन्हात जांभळा चमकतो, मादी बिचारी साधी. घरटं कोळ्याच्या जाळ्याचं, वाळक्या पानांचं, कागदाच्या कपट्यांचं. (मी ते आधी जळमट समजून झाडू उगारला होता, हे ग्रुपवर सांगितलं नाही.)

"अगं, तू काढलेल्या फोटोत माझं डोकं कधी आलंय का?" हे म्हणाले.

"तुम्ही ऐनवेळी हलता."

"आणि पक्षी काय पोज देऊन बसणारे?"

मी पदर खोचला आणि गच्चीवर गेले.

मी जवळ गेले की मादी शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसून मला शिव्या घालायची. पण तारेवर वाळणाऱ्या कपड्यांना मात्र ती मुळीच घाबरायची नाही! यांच्या बनियनवर तर खुशाल बसायची. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपणच वाळत पडायचं! मी तारेवर चादर टाकली, मोबाईलपुरतं भोक कापलं आणि मागे स्टूल टाकून बसले. (चादर जुनी होती. निदान मला तसं वाटलं. यांना नाही वाटलं.)

नेमक्या त्याच सकाळी सासूबाईंनी कुरडया घातल्या. गहू भिजवून, चीक काढून, शिजवून, सोऱ्यातून पाडलेल्या वर्षभराच्या कुरडया! गच्चीभर पांढरीशुभ्र चक्रं मांडली आणि मधोमध कावळ्यांना धाक म्हणून काळी छत्री उघडून ठेवली.

"बसलीच आहेस तर लक्ष ठेव," आई म्हणाल्या. "एक कुरडई जाता कामा नये."

"आई, तुम्ही निश्चिंत जा!"

त्या निश्चिंत गेल्या. चूक झाली ती तिथेच.

कारण छत्री बघून मादी घरट्याकडे फिरकेना. इकडे पिल्लं चोची वासून चिवचिवतायत, तिकडे ती टाकीवरून छत्रीकडे बघतेय. माझा जीव कासावीस झाला. म्हटलं, फोटोपुरती मिटू या छत्री. मिटली. आणि कठड्यावर कावळा हजर!

कुरडयांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मान वाकडी करून तो घरट्याकडे बघू लागला. हाड्‌ म्हणून ओरडावं, तर मादी भुर्र होईल. गप्प बसावं, तर पिल्लं जातील. काय करू? चादरीखालून हात काढला, एक कुरडई उचलली आणि लांब भिरकावली.

कावळा गेला तिच्यामागे. पण जाताना त्यानं सगळ्या भाऊबंदांना आवतण दिलं! बघता बघता कठडा काळा झाला. मग मीही हट्टाला पेटले. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं कुरडया भिरकावतेय. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात! आणि त्या गदारोळात मादी आली, घरट्याला लटकली आणि पिल्लाच्या चोचीत तिनं चोच घातली. खट्‌!

"अगं बाई! हे काय चालवलंयस?" आई जिन्यात उभ्या होत्या.

"आई, आला! फोटो आला!"

"आणि माझ्या कुरडया?"

मी चादर बाजूला करून पाहिलं. वाळवणाच्या प्लॅस्टिकवर ओले डाग तेवढे उरले होते.

पण फोटो काय आला होता म्हणून सांगू! चोच, पिल्लू, सगळं स्वच्छ. मी ताठ मानेनं ग्रुपवर टाकला. क्षणात शुभाचं उत्तर आलं.

"वहिनीऽऽ! मागे त्या आईच्या कुरडया ना गं? डोळ्यांत पाणीच आलं! दिवाळीला येतेय मी, माझ्यासाठी डबाभर ठेव हं!"

पाठोपाठ सगळं सासर आलं. आत्येसासूबाईंना कुरडया हव्यात, चुलत दिराला हव्यात. पक्ष्याबद्दल एका शब्दानं कुणी बोलेल तर शपथ!

यांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "कावळेसुद्धा छान आलेत."

आईंनी गव्हाची पिशवी आणि सोऱ्या माझ्यासमोर आणून ठेवला. मीही जिद्दीला पेटले, गहू भिजवले, चीक शिजवला, दंड भरून येईस्तोवर सोऱ्या फिरवला आणि गच्चीभर माझ्या हातच्या कुरडया मांडून राखणीला बसले.

कावळे आले. एकानं चोच मारली, दुसऱ्यानं मारली, आणि कुरडया तिथेच टाकून सगळे उडून गेले!