गिरणीतला ड्रम

अणुभट्टी बंद केल्यावर नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आता पाणी कशाला फिरवत ठेवायचं?" आणि मला लातूरजवळच्या मुरुडच्या आत्याची पिठाची गिरणी आठवली.

तेव्हा मी लहान होते, लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस मात्र नव्हता. गिरणीचं इंजिन थांबताच मी ते गार ठेवणाऱ्या ड्रममधून तहानलेल्या शेळीसाठी बादली भरायला वाकले. आत्यानं मनगट धरलं. "थांब गं. बंद झालं म्हंजी गार झालं व्हय?" तिनं माझा तळवा ड्रमच्या वरच्या नळीला लावला. चटका बसला. खालची नळी थंड होती. "इंजिन थांबलंय, पाणी अजून राबतंय."

कुणी न ढकलता पाणी फिरतं कसं, या नवलात मी शेळीला विसरले. तिला आत्यानं स्वतःच्या तांब्यातलं पाजलं.

आज मी त्या मुलीला पडद्यावरचे, बंद भट्टीत अजून निघणाऱ्या उष्णतेचे आकडे दाखवले. माझा हात मात्र तिचं मनगट शोधत होता.