पाच माणसांची अट

ताईच्या तोंडाला लागायची प्रयोगशाळेत कुणाची छाती नव्हती. धाकट्या भावाशी तर तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. या शहाण्याने अप्पांच्या खोलीत कॅमेरा लावला आणि ऑफिसात बसून बापाच्या झोपा मोजल्या. अप्पा चिडले आणि थेट वृद्धनिवासात राहायला गेले. तिथेच का, तर तिथल्या पलंगांखाली लेकीची यंत्रं होती.

त्या यंत्रांपायी ताईने उमेदीची वर्षं घातली. पलंगाखालचं यंत्र हृदयाचे ठोके टिपायचं, पण प्रकाशाच्या कणांनी सगळी यंत्रं एकमेकांशी अशी बांधलेली, की एकट्याचं मोजमाप बघायला जावं तर नुसता गोंधळ. अख्ख्या मजल्याची बेरीज तेवढी कळायची. ती बिघडली की नर्स सगळ्यांनाच तपासून यायची. कोण कसं आहे, हे खुद्द ताईलाही ठाऊक नसायचं. पलंगांवर पाचापेक्षा कमी माणसं असली, की पडदा कोराच. ही अट ताईचीच. एकटाच उरला तर बेरीज म्हणजे तोच की! तुमचं तुमच्यापाशीच राहील, असं तिने अप्पांना शपथेवर सांगितलं होतं.

एके दुपारी भाऊ वृद्धनिवासाच्या ऑफिसात येऊन तिच्यासमोर उभा राहिला. सगळे खाली जेवायला गेले होते. अप्पा तेवढे भूक नाही म्हणून पडून होते. भावाने तोंड उघडलं ते टोमण्यांनीच. बाई गावभर व्याख्यानं झोडतात आणि इथे बाप गेला तरी यांना पत्ता लागायचा नाही, म्हणाला. ताईनेही त्याची यथेच्छ पिसं काढली. बापाच्या पांघरुणात डोकावणाऱ्याने मला शिकवू नये, म्हणाली.

मग तो थंडपणे म्हणाला, "तुझं यंत्र चालतच नाही. म्हणून लपवतेस."

झालं! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःबद्दल तिने काहीही ऐकून घेतलं असतं, यंत्राबद्दल नाही. तिने तिथल्या तिथे ती अटच काढून टाकली.

"बघ. डोळे फाडून बघ."

पडद्यावर रेघ उमटली. अप्पांची, एकट्याची, मधेमधे अडखळणारी. भावाने मोबाइल काढून त्या रेघेचा फोटो घेतला, तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते ताईच्या लक्षात आलं.

तो फोटो अप्पांसमोरच दाखवल्यावर डॉक्टरांनी त्यांना तपासलं. हृदय खरंच बिघडलं होतं, गोळ्या सुरू झाल्या. भावाला आयतंच कोलीत मिळालं. आता यांना एकटं ठेवायचं नाही, म्हणत तो न्यायलाच आला. अप्पा भांडतील असं ताईला वाटलं होतं. ते मुकाट्याने सामान आवरायला लागले. इथे राहिलं काय नि तिथे राहिलं काय, सारखंच, म्हणाले. ताई पिशवी भरायला गेली तर त्यांनी ती तिच्या हातातून ओढून घेतली. निदान वेळेवर कळलं ना, असं ती पुटपुटली.

"त्याच्यापासून मी जपून राहायचो," अप्पा म्हणाले. "तुझ्या भरवशावर मी निर्धास्त झोपलो होतो."

मग त्यांनी धाकट्याला हाक मारली आणि त्याचा हात धरून जिना उतरले.