सासऱ्यांसाठी धरलेली जागा

तुम्ही चहा घ्या, मी माझ्या अब्रूचं सांगतो. थोडीच उरली आहे, फार वेळ लागायचा नाही.

आमच्या सोलापुरात पूरग्रस्तांसाठी मोकळ्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम होता. बायकापोरांसकट या, गाणी ऐका, जमेल ती वस्तू द्या, असं आमंत्रण. माझे सासरे, अप्पा, मैंदर्गीचे आडत व्यापारी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी शहरात जावयाची वट किती, ही त्यांची शंका काही फिटली नव्हती. मी ठरवलं, अप्पांना सगळ्यांत पुढं बसवायचं.

म्हणून दुपारी चारलाच जाऊन स्टेजसमोर दोन डबल चादरी अंथरल्या. चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे मी, चादरींना काय तोटा? मग चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर चादरींवर साड्या, पातेली, वह्या आणि एक प्रेशर कुकर. म्हटलं, लोकांनी सामान टाकून आमच्याच चादरीवर जागा धरली. आता आमच्याकडं मदत गोळा करायची म्हणजे चादरच पसरतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण माझ्या डोक्यात फक्त अप्पा.

तेवढ्यात आयोजकांचा बिल्ला लावलेल्या एक ताई आल्या.

"ताई, हे सामान उचला," मी म्हणालो. "हितं आमची माणसं बसणारेत."

"कुठली माणसं?"

"मैंदर्गीची. अकरा जण हायत, टेंपोनं येतायत."

"अगंबाई, सगळं घरच?"

"व्हय की. घर बंद करूनच निघालेत."

"काही खाल्लंय का त्यांनी?"

"परवासात कुटलं हो खाणं? म्हातारं माणूस हाय सोबत. जरा मानानं घ्या म्हंजे झालं."

ताईंनी डोळ्याला पदर लावला आणि सगळं सामान उचलून स्टेजवर नेलं. पाहुण्यांचं किती मनावर घेतात हो लोक, मला फार बरं वाटलं. ही वट अप्पांनी बघायला हवी होती.

अप्पा आले. कडक इस्त्रीचं धोतर, बोटात अंगठी. चादरीवर ऐसपैस बसले. पहिलं गाणं संपलं आणि माईकवरून आवाज आला, "पुरात घर गेलेलं मैंदर्गीचं एक कुटुंब समोर बसलंय. आजोबा, वर या."

गाण्याच्या गोंगाटात अप्पांच्या कानांना दडे बसलेले. सत्कार आहे असं समजून ते रुबाबात वर गेले. हातात जुन्या कपड्यांचं गाठोडं आणि वर कुकर आला, तेव्हा त्यांना उमगलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता हा माणूस लेकीला घेऊनच परत जाणार, याची मला खात्री पटली.

अप्पा चिडले नाहीत, इथंच मी घाबरलो. त्यांनी शांतपणे माईक घेतला.

"इर्ली बिड्री, राहू द्या," ते कानडी मिसळत म्हणाले. "आमचं घर धड हाय, आडत चालतीया. हे सामान गरजूला जाऊ द्या. पर खाली उभा हाय न्हवं, तो आमचा जावई. सहा वर्सं बघतोय, अंगात एकच शर्ट. त्याला तेवढा एक शर्ट द्या."

मैदानभर टाळ्या. मला हाताला धरून वर नेलं. ताईंनी गाठोड्यातून चांगला निळा शर्ट निवडून माझ्या हातात ठेवला.

खाली उतरल्या उतरल्या मी तो परत करायला गेलो. ताईंनी माझा हात धरला. डोळ्याला पुन्हा पदर.

"असू द्या दादा, लाजू नका," त्या हळूच म्हणाल्या. "मी कुणाला सांगणार नाही."

मागं अख्खं मैदान अजून टाळ्या वाजवत होतं.